पोळीयंत्राचा हरवलेला तवा

१

सोमवारी सकाळी श्वेताने बंगळुरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या शेडचं शटर वर ढकललं, दिवे लावले आणि यंत्रावरची निळी ताडपत्री ओढून काढली. यंत्र होतं. यंत्राचा तवा नव्हता.

तिने ताडपत्री झटकून पाहिली. मोटारीच्या चाकाएवढा बिडाचा तवा घडीत अडकून राहायला तो काही रुमाल नव्हता, पण माणूस अशा वेळी झटकून पाहतोच. मग ती स्टुलावर बसली आणि तिने भागीरथीआत्याला फोन लावला. पोलिसांना कळवावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही, यावरून आत्याचा त्या घरातला दरारा ओळखावा.

यंत्र पुरणपोळीचं होतं. बंगळुरात तिला होळिगे म्हणतात आणि गल्लोगल्ली तिची दुकानं असतात. एका बाजूने कणीक आणि पुरण घालायचं. यंत्र उंडा भरतं, दाबतं, पोळी फिरत्या तव्यावर सोडतं आणि उलटतं. आयटीतली बरी नोकरी सोडून श्वेताने काकांच्या कारखान्यात दीड वर्ष या यंत्रामागे घातलं होतं. आज दुपारी तीनला त्याचं प्रेझेंटेशन होतं. शहरभर होळिगेची दुकानं असलेल्या धनलक्ष्मी अम्मा येणार होत्या, बँकेचे साहेब येणार होते, आणि कारखान्याचे दोन मालक बसणार होते: विठ्ठलकाका आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. चौघांचा होकार आला तर शेडचा मागचा निम्मा भाग पोळीयंत्रांचा. एकाचाही नकार आला तर तो भाग गोदामाला भाड्याने जाणार आणि श्वेता पुन्हा आयटीत.

मुळात दिवस मंगळवारचा ठरला होता. पण धनलक्ष्मी अम्मांना मंगळवारी हुबळीला जायचं निघालं, म्हणून रविवारी सकाळी सगळं एक दिवस अलीकडे आलं. श्वेताने लगेच ‘पोळी प्रोजेक्ट’ या ग्रुपवर मेसेज टाकला, त्यावर पटापट अंगठे आले आणि ती निश्चिंत झाली.

स्लाइड्स तयार होत्या, बोलायचं पाठ होतं. पण सगळा डोलारा शेवटच्या एका गोष्टीवर उभा होता. सगळ्यांसमोर यंत्रातून गरम पोळी काढायची आणि तूप घालून हातात द्यायची. तव्याशिवाय ती पोळी फक्त स्लाइडवर उरणार होती, आणि स्लाइडवरची पोळी खाऊन कोणी ऑर्डर देत नाही.

२

भागीरथीआत्या मल्लेश्वरमहून मेट्रोने आली, आणि आल्या आल्या तिने कॉफी मागितली. हरवलेल्या पार्सलांची चौकशी करण्यात तिची रेल्वेतली सगळी नोकरी गेली होती. आंब्याच्या पेट्या, शिलाई मशिनं, एकदा तर लग्नाच्या आदल्या दिवशी बँडवाल्यांचा ढोल. घाबरलेल्या माणसासमोर आपण सावकाश कॉफी प्यावी, म्हणजे त्याचा श्वास जागेवर येतो, हे ती त्या नोकरीतच शिकली होती.

कॉफी पिता पिता तिने तव्याचं नाव काढलं नाही, भावाच्या तक्रारी सांगितल्या. काल ती चामराजपेटला विठ्ठलच्या घरी गेली होती. बायको गेल्यापासून एकटा राहतो, ठीक आहे, पण म्हणून चातुर्मासात स्वयंपाकघरात पिशवीभर कांदे? त्यांच्या घरात या चार महिन्यांत कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. वर हा कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेला आणि गादी बदलली म्हणून सांगतोय. या वयात माणूस बिघडला की कोणाला सांगायचं, असं म्हणून तिने कप खाली ठेवला आणि चष्मा चढवला.

तिने यंत्राभोवती एक फेरी मारली. तव्याचे बोल्ट एका स्टीलच्या वाटीत नीट ठेवले होते आणि गंजू नयेत म्हणून त्यांवर तेलाचा हात फिरवला होता. तव्याखालची तांब्याची कॉइल, जी भंगारवाल्याला विकली तर चार पैसे आले असते, ती तशीच होती.

“चोर शिस्तीचा आहे,” आत्या म्हणाली. “आणि एक लक्षात ठेव, श्वेता. पार्सल चोरीला क्वचित जातं. बहुतेक वेळा ते कोणाच्या तरी समजुतीने अगदी योग्य जागी असतं.”

श्वेताला हे ऐकून धीर यायला हवा होता, पण तिच्या डोळ्यांसमोर शुक्रवारची रंगीत तालीम येत होती. त्या दिवशी पोळ्या तव्याला चिकटल्या होत्या. पहिली फाटली, दुसरीची घडी झाली, तिसरी उलथन्याने खरवडून काढावी लागली. सगळे हसले, श्वेताही हसली, कारण रडण्यापेक्षा ते बरं दिसतं. फक्त विठ्ठलकाका हसले नाहीत. त्यांनी फाटक्या पोळीचा तुकडा उचलला, खाल्ला आणि निघून गेले.

काकांचा विरोध जगजाहीर होता. त्यांच्या वडिलांची चामराजपेटेत खानावळ होती. चुलीच्या धगीपासून पळून काकांनी कारखाना काढला, आणि आता पोरगी कारखान्यातच चूल आणून ठेवतेय, हे त्यांना सोसवेना. गेल्या गणपतीत भरल्या घरात ते म्हणाले होते, या यंत्राला मी बोटसुद्धा लावणार नाही. त्याच रागात ते ग्रुपमधूनही बाहेर पडले होते. शेडमध्ये मात्र रोज यायचे आणि तोंड पाडून बसायचे.

आत्याने आधी फोरमनला बोलावलं. मंजुनाथ समोर येऊन उभा राहिला तो अपराध्यासारखाच. तवा त्याने स्वतःच्या हाताने लेथवर चढवून घडवला होता. शुक्रवारी पोळ्या चिकटल्यावर त्याने तो साबणाने आणि तारेच्या घासणीने पुन्हा घासला, आरशात बघून भांग पाडावा इतका लखलखीत केला, आणि मग बाकीच्यांबरोबर फाटकातून बाहेर पडून थेट आनेकलची बस धरली. मेहुणीच्या घरी वास्तुशांत होती. शनिवारी विजेच्या दुरुस्तीसाठी शेड बंद होती, रविवारी सुट्टी.

“लाजेने नेऊन लपवला तर नाहीस ना?” आत्याने विचारलं.

मंजुनाथने मान खाली घातली. लाज वाटली हे खरं, तो म्हणाला, पण लपवायचं असतं तर मीच लपलो असतो अक्का, तव्याला कशाला लपवू?

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. काकांचा मुलगा किरणकुमार उतरला, त्याने डिकी उघडली, तोच आत आत्याला पाहून दचकला, आणि त्याने ती घाईघाईने दाबून बंद केली.

३

किरणकुमारला गोदाम हवं होतं. भाडं महिन्याला बिनबोभाट येतं, पोळ्या चिकटत नाहीत, असं त्याचं साधं गणित होतं. श्वेता त्याची लाडकी बहीण होती, पण धंदा म्हणजे धंदा. आत्याने विचारल्यावर त्याने निमूट कबूल केलं की आज चार वाजता गोदामवाला शेड मोजायला टेप घेऊन येतोय.

“आणि डिकीत काय आहे?”

“काही नाही, आत्या.”

“काही नाही ते उघड.”

किरणकुमारने डिकी उघडली. आत एक लांब गुंडाळी होती. श्वेताने ती स्वतः उलगडली. फ्लेक्स होता. ‘यशस्वी प्रेझेंटेशनबद्दल श्वेताचे हार्दिक अभिनंदन’ आणि खाली, इथल्या सगळ्या फ्लेक्सवर असतात तसे घरातल्या थोरामोठ्यांचे फोटो. सर्वांत मोठा विठ्ठलकाकांचा, ‘मार्गदर्शक’ म्हणून.

“पास झालीस तर फ्लेक्स, नापास झालीस तर गोदाम,” किरणकुमार खजील होऊन म्हणाला. “मी दोन्हीची तयारी ठेवलीय.”

श्वेताला हसू आलं. ज्याच्यावर संशय घेणं सर्वांत सोपं होतं तोही हातचा गेला. किरणकुमार म्हणाला, तव्याशिवाय चालवू, तुझ्याकडे यंत्राचा व्हिडिओ आहे की. तिच्याकडे व्हिडिओ होता खरा. त्यातल्या चिकटलेल्या पोळ्या तिने स्वतः कापून टाकल्या होत्या. तो दाखवायचा विचार आला तरी तिचं तोंड कडू होत होतं.

आत्या मात्र रमली होती. ती फाटकावर गेली आणि वॉचमन मल्लाप्पाशी बोलत बसली. मल्लाप्पा अथणीकडचा, मराठी घरातल्यासारखी बोलायचा. शुक्रवारी सगळे गेल्यावर कोण आलं होतं, असं आत्याने विचारलं. कोणी नाही, तो म्हणाला.

“कोणी नाही म्हणजे मालकही नाही?”

मल्लाप्पा गोंधळला. “मालक आलते की. पण त्यांना ‘कोणी’त कसं मोजायचं, अक्का? अण्णा आले, गाडीची स्टेपनी पंक्चर झाली म्हणाले, गोणपाटात गुंडाळून नेली. मी हात लावू का म्हटलं, तर नको म्हणाले. स्वल्प जड वाटत होती.”

आत्या परत आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. तिने श्वेता आणि किरणकुमार दोघांना समोर उभं केलं.

“तारीख बदलली हे विठ्ठलला कोणी सांगितलं?”

“ग्रुपवर टाकलं होतं ना,” श्वेता म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा हात तोंडाशी गेला. किरणकुमारला वाटलं होतं श्वेताने सांगितलं असेल. श्वेताला वाटलं होतं, मुलगा आहे, तो सांगेलच.

“म्हणजे या शेडशी संबंध असलेल्या माणसांत एकाच माणसाला वाटतंय की प्रेझेंटेशन उद्या आहे,” आत्या म्हणाली. “आता बाकीचं जुळवा. ज्याने तवा नेला त्याने बोल्टना तेल लावून ठेवलं, कारण तो परत बसवायचा होता. पंक्चरची स्टेपनी कोणी गोणपाटात गुंडाळत नाही. गादी बदलून कंबर धरत नाही, जड बीड उचलून धरते. राहिले कांदे. मला काल वाटलं, विठ्ठल चोरून कांदा खातोय. रेल्वेत असते तर अशा चुकीसाठी साहेबाने मला झापलं असतं. श्वेता, घरात नवा बिडाचा तवा आणला की आपण काय करतो?”

श्वेताने घरात नवा बिडाचा तवा आणलेला कधी पाहिलाच नव्हता. तिच्या घरी नॉनस्टिक होतं.

“सरी, असू दे,” आत्या उठत म्हणाली. “किरण, गाडी काढ. एवढा तवा घरच्या शेगडीवर बसत नाही, त्याला खानावळीची भट्टीच लागते.”

४

आजोबांची खानावळ बंद होऊन जमाना झाला होता. चामराजपेटच्या त्या गाळ्यात आता योगीराज नावाचा भाडेकरू डोसे करायचा. गाडी वळली तेव्हा गाळ्यासमोर गर्दी दिसली. जो तो हातात डोसा घेऊन उभा होता.

भट्टीवर योगीराज नव्हता. भट्टीवर विठ्ठलकाका होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात बनियन, कपाळावरून घाम निथळतोय, आणि हातात काट्याला टोचलेला अर्धा कांदा. तो तेलात बुडवून ते तव्यावर गोल गोल घासत होते. तोच तवा, पण ओळखू येत नव्हता. शुक्रवारी आरशासारखा चमकणारा तवा आता काळाभोर झाला होता, आणि त्यावरून डोसा नुसता घसरत होता.

“विठ्ठल,” आत्या म्हणाली. “चातुर्मास चाललाय.”

काकांनी वर पाहिलं. “मी खात नाही, अक्का. तव्याला चारतोय.”

मग त्यांना मागे उभी असलेली श्वेता दिसली आणि त्यांचा हात थांबला. ते तिच्याशी न बोलता तव्याशीच बोलल्यासारखं बोलू लागले. बिडाला आरसा करून काय उपयोग? वर साबण. साबणाने सगळं तेल निघून जातं, मग चिकटणारच. शुक्रवारी रात्रीपासून दोन दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवला होता. आज सकाळपासून डोशांवर डोसे. पहिले फेकून दिले, आताचे लोक भांडून घेतायत.

“उद्या पहाटे बसवून टाकला असता,” ते म्हणाले. “कोणाला कळलंही नसतं.”

“प्रेझेंटेशन आज आहे, काका. तीनला.”

“मला कोणी सांगितलं?”

“ग्रुपवर टाकलं होतं.”

“मी ग्रुपमध्ये कुठाय?” काका म्हणाले, आणि आपण का नाही ते आठवून पुन्हा तव्यावर कांदा फिरवू लागले.

श्वेताला त्यांना मिठी मारावीशी वाटली. हा माणूस वर्षभर तोंड फिरवून बसला होता, आणि तिची एक पोळी फाटली तर कंबर मोडून तवा उचलून घेऊन आला होता. ती एवढंच म्हणाली, “बोट लावणार नाही म्हणाला होतात.”

“मग? बोट कुठे लावलंय. दोन्ही हात लावलेत.” त्यांनी डोसा काढून तिच्या हातात दिला. “लहानपणी बाबा मला रोज तवा घासायला लावायचे. मी शपथ घेतली होती, मोठा झालो की या धंद्याचं तोंड बघणार नाही. पण शुक्रवारी तुझं तोंड बघवेना.”

किरणकुमार तवा उचलायला धावला तसे काका त्याच्या अंगावर ओरडले. तापलेलं बीड असं हलवायचं नसतं, आणि पाणी मारलं तर तडकेल. आपला आपण निवू द्यायचा. तीन वाजता पीण्यात पोचायचं होतं, मधे बंगळुराचं ट्रॅफिक होतं, आणि तवा निवांत निवत होता. श्वेता घड्याळाकडे पाहून पाहून अर्धी झाली. आत्याने सगळ्यांसाठी दुसऱ्या तव्यावरचे डोसे मागवले.

५

तीन वाजता श्वेता धनलक्ष्मी अम्मांसमोर उभी राहिली तेव्हा मंजुनाथ पडद्यामागे तव्याचे बोल्ट आवळत होता. आत जाण्यापूर्वी आत्या तिच्या कानात म्हणाली होती, “वरचं लेबल वाचत बसू नकोस. पार्सल उघडून दाखव.”

पहिल्या स्लाइड्स नीट गेल्या. बाजार, खर्च, दुकानांची गरज. मग स्क्रीनवर आलं, ‘तवा: काम पूर्ण’. ही स्लाइड तिने गुरुवारीच बनवून ठेवली होती. किरणकुमार मागून खुणा करत होता, पुढे चल, पुढे चल. श्वेताने क्लिकर टेबलावर ठेवला.

“हे खरं नाही,” ती म्हणाली. “शुक्रवारी या यंत्रातली एकही पोळी अख्खी निघाली नाही.”

बँकेच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. श्वेताने सगळं सांगितलं. तवा का चिकटला, त्याला काय कमी पडलं, आज सकाळपर्यंत तो कुठे होता आणि त्याने काय खाल्लं. पाठ केलेलं एक वाक्यही त्यात नव्हतं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपली भीती गेलीय, आणि तिला मजा येतेय. तिने पडदा सरकवला आणि बटण दाबलं.

तवा फिरू लागला. गोळा आत गेला, दाबला गेला, पोळी तव्यावर उतरली. मंजुनाथने डोळे मिटून घेतले. पोळी फुगली, कडेला सोनेरी डाग आले, यंत्राचा हात खाली गेला, आणि ती अख्खीच्या अख्खी अलगद उलटली. दुसरीही, तिसरीही.

धनलक्ष्मी अम्मांनी पहिली पोळी सावकाश खाल्ली, तुपाचं बोट पुसलं आणि कन्नडमध्ये विचारलं, पोळी छान आहे. पण माझ्या सगळ्या दुकानांत यंत्रं गेली, तर प्रत्येकाचा तवा असा कोण तयार करून देणार? माझ्या दुकानांतल्या मुली येतात आणि जातात, त्यांना हे जमायचं नाही.

या प्रश्नाची स्लाइड नव्हती. मंजुनाथ जमिनीकडे पाहू लागला. बँकेच्या साहेबांनी पुन्हा पेन उचललं.

“मी,” मागून आवाज आला.

विठ्ठलकाका मालकाच्या खुर्चीवर बसलेच नव्हते. ते कंबर धरून भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं आणि एकदा श्वेताकडे.

“इथून निघेल तो प्रत्येक तवा मी तयार करून देईन. मंजुनाथला शिकवीन, म्हणजे माझ्यानंतर तो देईल. अट एकच. साबण लावायचा नाही.”

धनलक्ष्मी अम्मा हसल्या आणि त्यांनी किती यंत्रं लागतील ते सांगायला सुरुवात केली. बँकेच्या साहेबांनी दुसरी पोळी मागितली, तेव्हा त्यांचंही मत कळलं. आत्याने हात वर केला, तो होकारासाठी की तुपासाठी हे कोणी विचारलं नाही. चार वाजता गोदामवाला टेप घेऊन आला. त्यालाही एक पोळी मिळाली आणि फ्लेक्सचं एक टोक धरायला मिळालं. फ्लेक्सवरचा आपला फोटो पाहून काका म्हणाले, मार्गदर्शक कसला, हा तर तवाचोर. मंजुनाथ इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर काका श्वेताच्या टेबलाशी येऊन उगाच घुटमळले. मग त्यांनी खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

“त्या ग्रुपमध्ये घे मला,” ते म्हणाले.

तिने घेतलं. थोड्या वेळाने सगळ्यांचे फोन एकदम वाजले. विठ्ठलकाकांचा पहिला मेसेज आला होता, एका बोटाने, वेळ लावून टाइप केलेला: ‘मंजुनाथ, उद्या येताना कांदे आण.’